चालणे, बोलणे आणि तोल : एमएसच्या रुग्णांची न दिसणारी कसरत

मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजेच एमएस असलेली व्यक्ती कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या गर्दीतून चालत असताना तिला कोणी काही विचारले, तर तिची चाल मंदावते आणि पुष्कळदा ती थांबूनच उत्तर देते. घरच्यांना हा निष्काळजीपणा किंवा भित्रेपणा वाटतो, आणि तसे वाटणे त्या व्यक्तीवर फार अन्याय करणारे आहे.

या आजारात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते, त्यामुळे संदेश उशिरा किंवा अर्धवट पोहोचतात. तोल राखण्यासाठी डोळे, आतला कान आणि पायांतील सांधे व स्नायू यांच्याकडून येणारी माहिती मेंदूत क्षणार्धात जुळावी लागते. ती वेळेवर जुळली नाही, की एरवी आपोआप होणारे चालणे लक्ष देऊन करावे लागते. दुर्दैवाने लक्ष आणि विचारांचा वेग यांवरही हाच आजार घाला घालतो. सुमारे ४० ते ६५ टक्के रुग्णांत असे बौद्धिक परिणाम आढळतात, आणि फ्रेंच चेतातज्ज्ञ शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच रुग्णांच्या दुबळ्या होत जाणाऱ्या स्मरणशक्तीची नोंद केली होती.

हे तपासण्याची एक पद्धत अगदी साधी आहे. रुग्णाला आधी नुसते चालायला सांगतात आणि मग शंभरातून सात-सात वजा करत तेवढेच अंतर चालायला लावतात. दोन्ही वेळांतील फरक बरेच काही सांगून जातो.

बौद्धिक पुनर्वसनात लक्षात ठेवायच्या गोष्टी एखाद्या कथेत किंवा चित्रात गुंफण्याचा सराव देतात आणि त्याचा काही रुग्णांना स्मरणासाठी उपयोग होतो. मात्र आजार वाढत जाणाऱ्या ३११ रुग्णांवर सहा देशांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉगएक्स’ चाचणीत बौद्धिक सराव आणि व्यायाम एकत्र दिल्यानेही विचारांचा वेग अधिक सुधारल्याचे दिसले नाही. म्हणूनच मोबाइलवर कोडी सोडवून तोल सुधारेल, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. तोलाचा सराव प्रत्यक्ष उभे राहून, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा आणि चालताना बोलण्याची जोड त्याला हळूहळू द्यावी.

घरात न्हाणीघराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण केस धुताना डोळे मिटले की तोलाचा एक मोठा आधार जातो. तिथे बसायला स्टूल आणि भिंतीला पकडायला दांडी हवी. अंग तापल्यावर लक्षणे तात्पुरती वाढतात, तेव्हा एप्रिल-मेमध्ये रंकाळा तलावावरचा फेरफटका सकाळी लवकर, ऊन चढण्याआधीच उरकावा.