चेटकिणींनी मॅकबेथला खून करायला सांगितले होते का?

‘चेटकिणींनी राजाचा खून करायला सांगितले, म्हणून शूर मॅकबेथ बिघडला,’ असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. शेक्सपिअरच्या नाटकातील पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश वाचून पाहावा: चेटकिणी फक्त तो राजा होईल असे भाकीत करतात, खुनाचा विचार मात्र त्याच्याच मनात, पत्नीला भेटण्याआधी उमटतो. सोबतचा सेनानी बँक्वो यालाही त्याचे वंशज राजे होतील असे सांगितले जाते. तो शस्त्र उचलत नाही. सातव्या प्रवेशातील स्वगत मला सर्वांत बोलके वाटते, कारण डंकन आपला आप्त, राजा आणि पाहुणा आहे हे स्वतःच मांडून, आपल्याला पुढे ढकलणारी केवळ महत्त्वाकांक्षा आहे, अशी कबुली मॅकबेथ तेथे देतो. त्याचा डळमळलेला निश्चय पत्नी लगेच पक्का करते, हेही खरे.