ओकचा ऱ्हास : मुळांकडे लक्ष उशिरा का गेलं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात ओकची झाडं वाळू लागली तेव्हा खापर फुटलं ते पानं फस्त करणाऱ्या अळ्यांवर आणि १९०७च्या सुमारास तिथे पसरलेल्या भुरीवर. बुंध्याशी मधाच्या रंगाच्या छत्र्या उगवल्या की मूळकूज म्हणून नोंद व्हायची. वास्तविक ही बुरशी बहुधा आधीच खचलेल्या झाडावर चढते. १९८०च्या दशकात आम्लपर्जन्याने चर्चा व्यापली आणि जर्मनीत जंगलांत चुना टाकला गेला.

खोदून पाहणं खऱ्या अर्थाने सुरू झालं १९९०च्या दशकात. जाड मुळं धडधाकट, पण पाणी शोषणारी तंतुमुळं जवळपास गायब. उरलेल्या मुळाची साल चिमटीत धरून ओढली की मोज्यासारखी निघून यायची, आत नुसता दोरा. १९९३मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या ओकमरीशी फायटोफ्थोरा सिनामोमी या मुळं कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवाचा संबंध जोडला गेला. हा जीव १९२२मध्ये सुमात्रात दालचिनीवर सापडलेला. १९९९मध्ये खास ओकच्या मुळांवरची जात नोंदली गेली, फायटोफ्थोरा क्वेर्सिना.

घोळ आहे तो 'बुरशी' या शब्दाचा. फायटोफ्थोरा हे नाव १८७६चं, बटाट्याच्या करप्यामुळे पडलेलं, आणि तेव्हापासून त्याला बुरशीतच ढकललं गेलं. पण त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, बुरशीसारखं कायटिन नव्हे. नातं तपकिरी शैवालांशी जवळचं. हा वाद निव्वळ पुस्तकी नाही. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक इथे चालत नाही, आणि प्रयोगशाळेत बुरशी वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर हा जीव सहसा हाती लागत नाही. त्यासाठी माती पाण्यात बुडवून वर ओकची कोवळी पानं तरंगत ठेवतात. काही दिवसांत पानांवर तपकिरी डाग उमटतात. इतका साधा उपाय, तोही दशकानुदशकं ओकच्या मातीवर फारसा कुणी करून पाहिला नाही!

मातीची भूमिका इथेच कळते. याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पोहतात, म्हणजे पाणी साचायला हवं. चिकणमाती आणि जड यंत्रांनी दाबलेली जमीन त्यांच्या सोयीची. ओला हिवाळा तंतुमुळं खातो, कोरडा उन्हाळा झाड उघडं पाडतो. जर्मनीच्या बव्हेरियातल्या पाहणीत अतिआम्ल वाळूत हे जीव आढळले नाहीत. सामू (pH) साधारण ३.५च्या वर असलेल्या चिकण-दुमट जमिनींत मात्र सर्रास. मग आम्लता घटवणारा तो चुना नेमका कुणाच्या पथ्यावर पडला, हा प्रश्न टाळता येत नाही.

मेलेल्या ओकच्या जागी नवी रोपं लावली जातात ती रोपवाटिकांतून आणून. २०१६च्या युरोपव्यापी अभ्यासात बहुतेक रोपवाटिकांत फायटोफ्थोरा सापडला.