ध्यान करणाऱ्यांना थोडीच दारू का पुरते?

नियमित ध्यान करणारे अनेकजण सांगतात, की पूर्वी दोन पेग सहज जायचे, आता अर्ध्या ग्लासातच डोकं जड होतं. ध्यानाने यकृत दारूचा निचरा हळू करू लागलं, असा याचा अर्थ नाही. बदल जाणिवेच्या बाजूला होतो, आणि ही गोष्ट साधकांनी फार पूर्वीच हेरली होती. बौद्ध परंपरेतलं पाचवं शील मद्यापासून दूर राहायला सांगतं, कारण मद्याने प्रमाद होतो, सावधपण सुटतं. जो रोज सावधपणच जपतो, त्याला ते जरासं ढळलेलंही लगेच कळतं.

आधुनिक संशोधन इथे व्यसनमुक्तीच्या वाटेने पोचलं. १९७२ मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि रॉबर्ट कीथ वॉलेस या अमेरिकी संशोधकांनी भावातीत ध्यान (महर्षी महेश योगींची मंत्रावर आधारलेली पद्धत) करणाऱ्या १,८६२ जणांची पाहणी मांडली. साधना सुरू केल्यावर पिणं कमी झालं, असं त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं. पण हे साधनेत टिकून राहिलेल्यांचंच म्हणणं होतं आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. ही उणीव अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी भरून काढायचं ठरवलं. त्यांच्या प्रयोगात ध्यान करणाऱ्यांचं पिणं घटलं, पण रोज ठरावीक वेळ नुसतं शांत वाचत बसणाऱ्यांचंही घटलं! मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण ध्यानाचं श्रेय नेमकं किती, हा प्रश्न त्याने खुला ठेवला. पुढे मार्लॅट यांच्या गटाने सिएटलजवळच्या तुरुंगातल्या विपश्यना शिबिरांचा अभ्यास केला आणि त्यातून नशेची ओढ उठताना तिच्याकडे नुसतं पाहण्यावर आधारलेली उपचारपद्धती घडवली. २०१४ च्या चाचणीत, वर्षभरानंतर, या पद्धतीच्या गटात बेसुमार पिणं इतर गटांपेक्षा कमी आढळलं.

दुसरा धागा अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मार्क शुकिट यांच्या संशोधनाचा. मोजून दारू दिल्यावर रक्तातलं प्रमाण सारखंच असूनही मद्यासक्त वडिलांच्या मुलांना ती कमी चढल्यासारखी वाटते, असं त्यांना दिसलं. ज्यांना कमी जाणवली, त्यांच्यात दशकभराने व्यसन जास्त आढळलं. म्हणजे दारू लवकर जाणवणं हे एका अर्थी संरक्षणच.

हे दोन्ही धागे जोडताना सवयीचा भाग विसरून चालणार नाही. पिणं कमी झालं की शरीराची सहनशक्ती आपोआप उतरते, मग कारण ध्यान असो वा आणखी काही. माझ्या मते साधकांच्या अनुभवाचा मोठा वाटा हाच आहे. उरलेला वाटा लक्ष देण्याचा: चेहऱ्याची ऊब, सैल सुटलेली जीभ, पहाटे मोडलेली झोप या खुणा पूर्वीही होत्याच, फक्त दुर्लक्षित राहत होत्या. मात्र वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने ध्यानाच्या भरवशावर दारू एकदम तोडू नये. अशा वेळी झटके किंवा भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.