हायड्रोफ्लोरिक ॲसिड: पाच मिनिटं की पंधरा?

हायड्रोफ्लोरिक ॲसिड (यापुढे एचएफ) वापरणाऱ्या ठिकाणी दोन सूचना हमखास एकमेकींशेजारी दिसतात. आपत्कालीन शॉवरवर लिहिलेलं असतं, ‘किमान १५ मिनिटं पाण्याखाली थांबा’. एचएफच्या कपाटावरचं पत्रक सांगतं, ‘५ मिनिटं धुवा आणि लगेच कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळा’. नव्याने कामाला लागलेल्याला यातली एक छापताना चुकली असावी असं वाटतं. चूक कुठलीच नाही. पंधराचा आकडा सगळ्या दाहक रसायनांना धरून आला, पाचाचा आकडा या एकाच ॲसिडच्या वागणुकीतून आला, आणि दोघांची गाठ बरीच उशिरा पडली.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. फ्लोरस्पार या फ्लोरिनयुक्त खनिजावर सल्फ्युरिक ॲसिड घालून तापवलं की काचेचं भांडंच खाल्लं जातं, हे १७६०च्या दशकात लक्षात आलं होतं. १७७१ मध्ये स्वीडनमध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास झाला. तेव्हापासून हे ॲसिड शिसं, प्लॅटिनम, मेण आणि गटापर्चा (रबरासारखा वाळलेला चीक) यांच्या भांड्यांत राहिलं. पॉलिथिलीनची बाटली येईपर्यंत हेच चालू होतं. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये मूलद्रव्य फ्लोरिन वेगळं झालं. त्याआधीच्या प्रयत्नांत काही रसायनतज्ज्ञांनी एचएफच्या वाफेने जीव गमावले, काही कायमचे आजारी झाले. पण हा सारा हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या माणसांचा धोका होता. १९३०च्या दशकात शीतकासाठी फ्लोरिनची संयुगं बनू लागली. १९४२ पासून तेलशुद्धीकरणात विमानाच्या पेट्रोलसाठी एचएफ उत्प्रेरक म्हणून आलं. त्याच सुमारास युरेनियमच्या प्रक्रियेतही त्याची गरज पडली. मग एचएफ टाक्यांत भरलं जाऊ लागलं आणि कारखान्यांच्या दवाखान्यांत वेगळ्याच तक्रारी येऊ लागल्या.

कामगार संध्याकाळी घरी जाई तेव्हा त्याला काहीच झालेलं नसे. मध्यरात्री नखाखाली असह्य ठणका सुरू होई, आणि कातडी मात्र जेमतेम लालसर. कारण रासायनिक आहे. पाण्यात एचएफचं विघटन कमी होतं (ॲसिडचा जोर सांगणारा आकडा, पीकेए, सुमारे ३.२), त्यामुळे रेणू न फुटता, अख्खाच्या अख्खा त्वचेतून आत उतरतो. आत गेल्यावर फ्लोराइड सुटतं आणि ऊतींतलं कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून टाकतं. पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, नसा पेटतात, ठणका त्याचाच. ५० टक्क्यांहून तीव्र ॲसिडने लगेच आग होते. २० ते ५० टक्क्यांचं असेल तर दुखणं एक ते आठ तासांनी सुरू होऊ शकतं, आणि त्याहून सौम्य असेल तर चोवीस तासांपर्यंतही लांबतं. म्हणजे दुखत नाही यावरून काहीच ठरत नाही. रक्तातलं कॅल्शियम खाली गेलं की हृदयाची लय बिघडते. ५० टक्क्यांहून तीव्र एचएफ शरीराच्या १ टक्का भागावर, म्हणजे साधारण बोटांसकट तळहाताएवढ्या जागेवर, पडलं तरी रुग्णाला हृदयाच्या मॉनिटरवर ठेवायचं, हा आजचा नियम त्यातूनच आला. निर्जल, म्हणजे पाणी न मिसळलेल्या, एचएफने सुमारे अडीच टक्के भाजल्यावर मृत्यू झाल्याचीही नोंद आहे.

उपचारांची वाट मात्र सरळ नव्हती. आधी मॅग्नेशियम ऑक्साइड आणि ग्लिसरीनचा लेप. तो वरच्या ॲसिडला थोपवायचा, आतल्या फ्लोराइडपर्यंत पोचायचा नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस कॅल्शियम ग्लुकोनेटची इंजेक्शनं त्वचेखाली देणं सुरू झालं, म्हणजे फ्लोराइडने ऊतींऐवजी हे बाहेरचं कॅल्शियम बांधावं. हे गुणकारी होतं, पण बोटाच्या टोकाला द्रव भरला की दाबाने रक्तपुरवठाच अडतो. म्हणून आजही बोटात हे जपून करतात: ५ टक्क्यांचं द्रावण, बारीक सुई, चौरस सेंटीमीटरला ०.५ मिलिलीटरच्या आत. कॅल्शियम क्लोराइड ऊतींत टोचायचं नाही; ते स्वतःच ऊती मारतं. पुढे बेंझाल्कोनियम क्लोराइडसारख्या द्रावणांत बर्फ टाकून हात बुडवून ठेवण्याची पद्धत आली. अमेरिकेत ती बरीच वर्षं टिकली. तिचा अडथळा व्यवहाराचा होता: हात बुडवता येतो, मांडी किंवा चेहरा नाही, आणि गार पाण्यात तासन्‌तास हात ठेवणं हा वेगळाच छळ. १९७०च्या दशकात २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल रुळलं आणि प्रथमोपचार दवाखान्यातून थेट कामाच्या टेबलापाशी आला. १००  मिलिलीटर जलविद्राव्य जेलमध्ये २.५ ग्रॅम ग्लुकोनेट, एवढीच त्याची कृती. १९८०च्या दशकात धमनीतून कॅल्शियम सोडण्याची पद्धत आल्यावर नखाखाली औषध पोचवायला नख काढण्याची वेळ पुष्कळ कमी झाली.

वाद सुरू झाला तो या जेलमुळेच. आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याच्या फवाऱ्याचं मानक अमेरिकेत १९८१ मध्ये आलं आणि पुढे जगभर त्याचीच नक्कल झाली. मिनिटाला सुमारे ७६ लिटर पाणी, १० सेकंदांच्या वाटेवर शॉवर, पाणी १६ ते ३८ अंशांच्या दरम्यान कोमट, आणि धुणं १५ मिनिटं. सल्फ्युरिक असो वा कॉस्टिक सोडा, हे बरोबर बसतं, कारण तिथे शत्रू त्वचेवर असतो आणि पाणी त्याला गाठू शकतं. एचएफमध्ये पृष्ठभागावरचं ॲसिड पहिल्या मिनिटांतच निघून जातं. उरलेलं आत सरकत असतं. त्यापुढचं प्रत्येक मिनिट पाणी कातडी धुतं आणि फ्लोराइड हाडाकडे जातं. म्हणून एचएफ बनवणाऱ्यांच्या वैद्यकीय सूचनांत ठरलं की जेल जवळ असेल तर ५ मिनिटांनी पाणी थांबवा.

‘जेल जवळ असेल तर’ या चार शब्दांवरच सगळं अडतं. पंधराच्या बाजूचे म्हणतात, गोंधळाच्या क्षणी माणूस पाच मिनिटं मोजत नाही. दोनच मिनिटांत बाहेर येतो आणि मग जेल शोधत बसतो. प्रथमोपचाराच्या पेटीला कुलूप, किल्ली सुपरवायझरकडे, ट्यूब मुदत संपलेली, ही चित्रं काल्पनिक नाहीत. जेल नसताना पाचव्या मिनिटाला नळ बंद करणं ही सर्वांत वाईट निवड. हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा वाटतो. जेल हाताशी नसेल तर १५ मिनिटं धुऊन सुटका होत नाही. एचएफची बाटली उघडायलाच नको होती, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पाचचा नियम पाळायचा तर जेलच्या दोन ट्यूब फ्यूम हूडपाशी (वाफ ओढून घेणाऱ्या कामाच्या कपाटापाशी), दोन शॉवरपाशी, कुलुपाविना, तारीख दर महिन्याला तपासून ठेवाव्या लागतात. तेवढी शिस्त नसेल तर पंधरावरच राहा आणि त्या पंधरा मिनिटांत दुसऱ्या माणसाला जेल आणायला पिटाळा. आणि ही पाच मिनिटं शॉवर सुरू झाल्यापासून नव्हे, भिजलेले कपडे अंगावरून उतरल्यापासून मोजायची. गॉगल शेवटी, चेहरा पाण्याच्या धारेकडे करून काढायचा, नाहीतर केसांतलं ॲसिड थेट डोळ्यांत उतरतं.

डोळ्यांबाबत वाद कमी आहे. पाणी भरपूर, मग जमेल तिथे १ टक्का कॅल्शियम ग्लुकोनेटचं निर्जंतुक द्रावण. त्वचेचं जेल डोळ्यात कधीच नाही. वाफ छातीत गेली असेल तर २.५ टक्क्यांचं द्रावण नेब्युलायझरमधून, ऑक्सिजनसह.

या वादाला वजन आलं ते १९९४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. खडकांतून परागकण सुटे करायला सिलिकेट विरघळवावं लागतं आणि त्यासाठी ७० टक्के एचएफ वापरतात. एका तंत्रज्ञाच्या मांडीवर १०० ते २३० मिलिलीटर सांडलं. हातात रबरी मोज्यांच्या दोन जोड्या आणि बाह्यांवर पीव्हीसीचं आवरण होतं. पायांवर काहीच नव्हतं, एप्रनही नाही. तो बसून काम करत होता. धुण्यासाठी नळाला जोडलेली रबरी नळी होती, मिनिटाला ६ लिटर पाणी देणारी. मानकाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पँट न उतरवताच धुतलं गेलं. जेल नव्हतं. वेदनेने तो आवारातल्या जलतरण तलावात उतरला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अर्ध्या तासाहून अधिक तिथेच राहिला. भाजलं होतं शरीराच्या ९ टक्के भागावर. आठवड्याभरात पाय कापावा लागला आणि १५ दिवसांनी अनेक अवयव निकामी होऊन तो गेला. दोन्ही बाजूंनी हे प्रकरण आपापल्या पुराव्यात घेतलं. पंधरावाल्यांनी सांगितलं, पाणी अपुरं पडलं. पाचवाल्यांनी दाखवलं, पुढे तलावभर पाणी मिळालं, पण कॅल्शियम मिळालं नाही.

त्यानंतर फ्रान्समधून आलेल्या एका खास द्रावणाने तिसरी बाजू उभी केली: पाण्याऐवजी यानेच धुवा, हे फ्लोराइडला धरून ठेवतं. अनेक युरोपीय कारखान्यांनी ते घेतलं आणि अनुभव चांगले सांगितले. पण स्वीडनमध्ये २००० नंतर उंदरांवर झालेल्या स्वतंत्र चाचण्यांत ते पाणी आणि ग्लुकोनेट या जोडीपेक्षा सरस ठरलं नाही. महाग आहे, वापरायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर जेल काढून टाकू नये.

जेल लावताना होणाऱ्या चुका अजूनही त्याच त्या आहेत. मदत करणारा उघड्या हाताने चोळतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच बोटं ठणकतात. हातमोजे घालूनच चोळायचं, दर १०-१५ मिनिटांनी नवा थर द्यायचा, बोटं असतील तर सर्जिकल मोज्यातच जेल भरून हात आत घालायचा. दवाखान्यात भूल देऊन दुखणं बंद करण्याची घाई नको, कारण कॅल्शियम पुरेसं पोचलं की नाही हे दुखणं थांबल्यावरूनच कळतं. पातळ डिस्पोजेबल नायट्राइल मोजे ४९ टक्के एचएफपुढे फार वेळ टिकत नाहीत. ते शिंतोड्यापुरते, वरून निओप्रीनचे जाड मोजे हवेत आणि घालण्याआधी हवा भरून छिद्र आहे का ते पाहायला हवं. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलेला हातमोजा, हातमोजा नसण्याहून वाईट, कारण आत शिरलेलं ॲसिड कातडीशी दाबून धरलं जातं.

सांडलेल्या एचएफची गोष्ट याला समांतर चालली. सवयीने लोक वाळू टाकतात. वाळू म्हणजे सिलिका. एचएफबरोबर तिचा सिलिकॉन टेट्राफ्लोराइड वायू होतो. काचेच्या बाटलीत एचएफचा कचरा ठेवला तर याच वायूच्या दाबाने ती फुटू शकते. सोडा ॲश (धुण्याचा सोडा) टाकला तर लिटमस उदासीन दाखवतो, पण तयार झालेलं सोडियम फ्लोराइड विद्राव्य आणि विषारीच असतं. कॅल्शियम कार्बोनेट बरं, मात्र तीव्र ॲसिडमध्ये त्याच्या कणांवर कॅल्शियम फ्लोराइडचं कवच चढतं आणि अभिक्रिया मधेच मंदावते. फेस थांबला म्हणजे काम झालं असं नाही. ढवळत, आणखी घालत राहावं लागतं. चुनाही चालतो, पण तीव्र ॲसिडवर तो इतका तापतो की वाफच उठते.

निर्जल एचएफ १९.५ अंशाला उकळतं, त्यामुळे मोठ्या गळतीत जमिनीवर थारोळं साचेल हा अंदाज होता. १९८६ मध्ये नेव्हाडाच्या वाळवंटात मुद्दाम गळती करून पाहिली, तेव्हा जवळजवळ सगळं ॲसिड सूक्ष्म थेंबांच्या जमिनीलगतच्या ढगात गेलं. बांध घालून गळती अडवण्याची कल्पना तिथेच निकाली निघाली. पाण्याचे फवारे ढग दाबतात, पण एचएफच्या ४० पट पाणी मारलं तेव्हाच सुमारे ९० टक्के अडलं. पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९८७ ला, टेक्सास सिटीत क्रेनवरून सुटलेला भाग एचएफच्या टाकीच्या नळ्यांवर पडला. हजारो लोक हलवावे लागले, शेकडोंवर उपचार झाले, मृत्यू नाही. २७ सप्टेंबर २०१२ ला दक्षिण कोरियातल्या गुमीत टँकरमधून उतरवताना सुमारे ८ टन एचएफ सुटलं आणि पाच जण गेले. अग्निशमन दलाने पाणी मारलं. चुना जवळ नव्हता, तो दुसऱ्या दिवशी आला. ढग दाबायला पाणी योग्यच, पण वाहून जाणाऱ्या पाण्यातलं फ्लोराइड अडवायला कॅल्शियम लागतंच.

२१ जून २०१९ ला फिलाडेल्फियात शुद्धीकरण कारखान्यातली १९७० च्या दशकातली एक एल्बो (नळीचा वळणाचा तुकडा) फुटली आणि स्फोट झाले. त्या पोलादात निकेल आणि तांब्याचं प्रमाण जास्त असल्याने ती शेजारच्या नळीहून वेगाने झिजली होती. सर्वांत पातळ जागी उरली होती जेमतेम ०.३ मिमी. जाडी तपासण्याचे बिंदू मात्र दुसरीकडे होते. नियंत्रण कक्षातून सुमारे दीडशे टन ॲसिड काही मिनिटांत वेगळ्या टाकीत काढून घेतलं गेलं, आणि मोठा अनर्थ टळला तो मुख्यतः यामुळे. पाण्याच्या तोफा सुरू करणारी दूरनियंत्रण यंत्रणा स्फोटात गेली होती. पंप चालू करायला एका माणसाला जागेवर जावं लागलं, तेव्हा सुमारे ४० मिनिटं उलटली होती.