ताकद वाढली, उडी घटली

'रोज ५०० बैठका मार, उडी आपोआप वाढेल,' हा सल्ला व्हॉलीबॉलच्या मैदानावर अजूनही मिळतो. एवढ्या बैठकांनी वाढतो तो दम. उडीला लागतो वेग. पाय जमीन सोडतात त्या क्षणी शरीर किती वेगानं वर निघालंय, त्यावर उंची ठरते. ६० सेंटिमीटरच्या उडीला सेकंदाला साधारण ३.४ मीटर, ७० च्या उडीला ३.७. वेग वाढवायचा जेमतेम ८ टक्के, पण त्यासाठी ऊर्जा लागते १७ टक्के जास्त. शिवाय जमिनीला रेटा द्यायला मिळतात सुमारे ०.३ सेकंद, आणि स्नायूला पूर्ण जोर धरायला बहुधा तेवढा वेळही पुरत नाही. म्हणून बैठका कमी, पण खांद्यावर जड बार घेऊन. एका सेटमध्ये चार-पाच, वर येताना झपकन.

आता खरी गंमत. १९९४ मध्ये नेदरलँड्सच्या बॉबर्ट आणि फान सूस्ट या संशोधकांनी संगणकात पायाच्या सहा स्नायूंचं प्रारूप बांधून त्याला उडी मारायला लावली. मग गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद वाढवली, पण स्नायूंना मिळणाऱ्या आज्ञांची वेळ जुनीच ठेवली. उडी कमी झाली! आज्ञांची वेळ नव्यानं जुळवल्यावर मात्र ती वाढली.

असं का? उडी मारताना आधी कंबर, मग गुडघा, शेवटी घोटा उलगडतो. पोटरीचा मोठा स्नायू गुडघा आणि घोटा, दोन्ही सांध्यांवरून जातो; त्यामुळे सरळ होणाऱ्या गुडघ्याची शक्ती तो घोट्याकडे पोचवतो. गुडघा अवेळी जोरात सुटला तर ही साखळी बिघडते. पाय पूर्ण उलगडण्याआधीच जमीन सुटते आणि उरलेलं आकुंचन हवेत वाया जातं.

म्हणजे स्क्वॉटचा, म्हणजे बार घेऊन मारायच्या बैठकांचा, मोसम आणि उड्यांचा मोसम वेगळा ठेवणं चुकीचं. ताकद वाढत असतानाच उड्या मारत राहायला हवं, म्हणजे मेंदू नव्या पायांशी जुळवून घेतो. सोव्हिएत प्रशिक्षक वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात रुळवलेली 'डेप्थ जंप' म्हणजे ठोकळ्यावरून खाली उतरून लगेच वर उसळणं. व्यायाम उत्तम, पण स्क्वॉटची सवय नसलेल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात द्यायचा नव्हे. हातांचा झोकाही विसरू नका. जमीन सोडतानाच्या वेगातला साधारण दहावा भाग त्याचा असतो.

बारला लटकून उंची वाढते, अमुक पावडरीनं उडी वाढते, असल्या जाहिरातींवर पैसे घालवण्यापेक्षा ते बारच्या वजनांवर खर्च करावेत.

गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखणं, म्हणजे 'जंपर्स नी', हे व्हॉलीबॉलवाल्यांचं नेहमीचं दुखणं. ते सुरू झालं की बहुतेक जण स्क्वॉट सोडतात आणि स्मॅशचा सराव चालू ठेवतात. करायचं नेमकं उलटं: आधी उड्या कमी करा. फिजिओच्या देखरेखीखाली संथ, जड स्क्वॉट हा या दुखण्यावरच्या उपचाराचाच भाग असतो.