बेस लाइनचे सप्तक

बेस लाइनचे सप्तक : इलेक्ट्रॉनिक संगीतात खर्जाची स्वरावली किती खाली वाजवायची, याची निवड. सप्तक बदलले तरी स्वराचे नाव तेच राहते. कंपनसंख्या मात्र दुप्पट किंवा निम्मी होते आणि त्या स्वराचे कामच पालटते. ए१ (अक्षर स्वराचे, आकडा सप्तकाचा) हा स्वर ५५ हर्ट्‌झचा. मोठ्या स्पीकरवर तो कानाआधी छातीला कळतो. तोच ११० हर्ट्‌झवर नेला, तर सुरावट स्वच्छ ऐकू येते, पण पायाखालचा हादरा जातो. उलट २७.५ हर्ट्‌झवर उतरवला, तर बहुतेक स्पीकर तो धड वाजवू शकत नाहीत आणि ॲम्प्लिफायरची शक्ती तेवढी खर्ची पडते.

नृत्यसंगीतात बेसचा मूळ स्वर साधारण ४० ते १०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात ठेवतात. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तारही ४१.२ हर्ट्‌झला, म्हणजे ई१ ला, लावलेली असते. हा पट्टा सव्वा सप्तकाहून थोडाच मोठा आहे, त्यामुळे सप्तकाचा प्रश्न पट्टीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. ‘सी’मध्ये बांधलेल्या रचनेचा षड्ज खाली घ्यावा तर ३२.७ हर्ट्‌झ, वर घ्यावा तर ६५.४, एक फार खोल, दुसरा वजनाला थोडा कमी. ‘एफ’चा ४३.७ आणि ‘जी’चा ४९ हर्ट्‌झ मात्र नेमके सोयीच्या जागी पडतात. गायकाचा गळा पाहून पट्टी ठरवावी, तशी येथे बेसच्या सोयीने ठरवावी लागते. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावरील पार्ट्यांतून पुढे आलेल्या ट्रान्स संगीतात आणि त्यातून निघालेल्या सायट्रान्समध्ये ‘ई’ ते ‘जी’ या पट्ट्या वारंवार भेटतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

लयीचा विचार याहून कमी होतो, पण तो तितकाच महत्त्वाचा आहे. सायट्रान्समध्ये एका ठोक्याचे चार भाग पाडून पहिल्यावर किक (बेस ड्रमचा ठोका) आणि उरलेल्या तिन्हींवर बेस, अशी रचना रूढ आहे. मिनिटाला १४५ ठोक्यांच्या गतीत असा एक भाग सुमारे ०.१ सेकंदाचा होतो. तेवढ्या वेळात ४१ हर्ट्‌झच्या स्वराची जेमतेम चार आवर्तने होतात. आणखी एक सप्तक खाली गेल्यास दोनच, आणि मग स्वर ओळखू न येता केवळ धडधड उरते. म्हणून चाल जितकी द्रुत, तितके सप्तक वर घ्यावे. दक्षिण लंडनमध्ये घडलेल्या डबस्टेप या संगीतप्रकारात स्वर लांब आणि संथ असतात, तेथे खोल उतरणे शोभते.

खर्जाच्या त्याच पट्ट्यावर किकचाही हक्क असतो. किकचा मूळ स्वर बहुधा ५० ते ६० हर्ट्‌झच्या आसपास असतो. बेस त्याच्या खाली बसवायचा की वर, हे आधी ठरवले नाही तर दोन्ही एकमेकांना गिळतात. खालच्या सप्तकात एका वेळी एकच स्वर ठेवणे बरे : सी२ आणि ई२ एकत्र वाजवले, तर त्यांच्यातील १७ हर्ट्‌झच्या फरकामुळे आवाज खडबडीत आणि गढूळ होतो.

मोबाइलच्या स्पीकरमधून ५५ हर्ट्‌झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरीही ११०, १६५, २२० हर्ट्‌झचे उपस्वर, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या पटीतले स्वर, ऐकू आले, तर मेंदू त्यांवरून मूळ स्वर जुळवून घेतो. करवतीच्या दात्यांसारख्या (सॉटूथ) तरंगात हे उपस्वर असतात, शुद्ध साइन तरंगात नसतात. त्यामुळे खाली साइन आणि एक सप्तक वर उपस्वरांनी भरलेला दुसरा थर, अशी जोडणी करतात. वरच्या थरातला खर्ज कापून टाकणे मात्र आवश्यक असते, नाहीतर दोन्ही थर एकमेकांत मिसळून धूसर होतात.

घरातल्या खोलीत हा निर्णय अनेकदा फसतो. साडेतीन मीटर लांबीची खोली ४९ हर्ट्‌झला, म्हणजे नेमक्या जी१ ला, घुमते : भिंतीशी तो स्वर फुगतो, खोलीच्या मध्यावर दबतो. मध्यावर बसलेल्याला वाटते सप्तकच चुकले, आणि तो चांगली जमलेली ओळ उगाच वर सरकवतो. दुसऱ्या जागी बसून आणि हेडफोनवर ऐकल्यावाचून सप्तक बदलू नये.

सप्तकांची उडी हा स्वतंत्र अलंकारही आहे. रोलंडच्या टीबी-३०३ या १९८१ च्या बेस वाजवणाऱ्या यंत्रात ओळीच्या प्रत्येक पायरीवरचा स्वर एक सप्तक वर किंवा खाली नेण्याची सोय होती. शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीतातील उसळत्या ओळींना तिचा मोठा हातभार लागला. ॲसिड हाउसच्या आधीच, १९८२ मध्ये, मुंबईत संगीतकार चरणजितसिंग यांनी हे यंत्र वापरून रागांच्या सुरावटी डिस्कोच्या ठेक्यावर बसवल्या होत्या.

सप्तकांचे क्रमांक सर्वत्र सारखे नसतात. मिडी या वाद्ये व संगणक जोडणाऱ्या संकेतपद्धतीतील ३३ क्रमांकाचा, ५५ हर्ट्‌झचा स्वर वैज्ञानिक स्वरनामपद्धतीत ए१, एबलटन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये ए०, तर एफएल स्टुडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ए२ असा दिसतो. दुसऱ्याने सांगितलेले सप्तक घेताना मिडी क्रमांक किंवा हर्ट्‌झ विचारून घ्यावे.