सुरुवात एकदाच झाली कशावरून?

‘पृथ्वीवर जीवसृष्टी एकदाच जन्मली’ हे आपण इतक्या वेळा ऐकतो, की ते सिद्ध झालंय असंच वाटतं. सिद्ध झालंय ते वेगळंच: आज माहीत असलेले सगळे सजीव एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. आंब्याच्या एकाच झाडाला फळ धरलं म्हणून कोय एकच पेरली होती, असं म्हणता येईल का?

त्या एका पूर्वजाची मला सर्वांत आवडणारी खूण म्हणजे ‘हात’. डावा तळवा उजव्यावर पालथा न करता ठेवून बघा. अंगठे विरुद्ध दिशांना जातात. अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या रेणूंचंही तसंच. प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपैकी ग्लायसिन सोडलं, तर प्रत्येकाची डावी आणि उजवी जोडी असते. साध्या रसायनांपासून ती तयार केली, की दोन्ही निम्मी-निम्मी मिळतात. पेशीतला रायबोसोम मात्र प्रथिनं गुंफताना डावीच उचलतो. कारण प्रथिनाची साखळी मळसूत्रासारखी पिळत जाते. मध्येच उजवा रेणू आला, की पीळ बिघडतो आणि विकराची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची, खाच रेणूला बसेनाशी होते. म्हणजे सरमिसळ चालत नाही, एक बाजू धरावीच लागते. पण सगळंच उलटं, आरशातल्यासारखं असतं, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने तितकंच चाललं असतं! तरीही जिवाणूपासून देवमाशापर्यंत सगळ्यांनी डावीच बाजू धरली आहे.

मग दुसरी सुरुवात झाली असेल तर ती गेली कुठे? डार्विनने १८७१ मध्ये त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं, की ज्यातून जीव घडू शकेल असा नवा पदार्थ आज तयार झालाच तर तो लगेच खाल्ला जाईल. किंवा ती अजूनही असेल आणि आपल्या चाचण्यांना दिसत नसेल. डीएनए शोधायला आपण वापरतो ते प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, ओळखीच्या जनुकांवरूनच बनवलेले असतात. अनोळखी जिवाला ते चिकटणारच नाहीत.

इथे उतावळेपणा नडतो. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू, सगळ्या सजीवांना लागणाऱ्या फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा गाजावाजा झाला. २०१२ मध्ये इतरांच्या प्रयोगांत तो दावा टिकला नाही आणि २०२५ मध्ये ‘सायन्स’ने तो शोधनिबंध मागे घेतला. मुळात त्याची जनुकं ओळखीच्या जिवाणू कुळातलीच होती. दावा खरा ठरला असता तरी ती दुसरी सुरुवात नव्हतीच! हे तेव्हाच ठळकपणे सांगायला हवं होतं.

उजवी अमिनो आम्लं खायला घालून कोण वाढतं ते पाहणं, हा दुसरी सुरुवात शोधायचा एक मार्ग आहे. पण आपल्या ओळखीच्या अनेक जिवाणूंकडे उजव्याचं डावं करणारी विकरं असतात आणि त्यांच्या पेशीभित्तिकेत अ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचं उजवं रूप असतंच. त्यामुळे नुसती वाढ दिसून भागणार नाही. त्या जिवाची प्रथिनं वेगळी काढून, ती उजव्या आम्लांचीच गुंफलेली आहेत, हे दाखवावं लागेल.